दरमहा एक गोळी : देवळ्यातील कुत्रा आणि हृदयकृमी

पाळीव कुत्र्याला दर महिन्याला हृदयकृमीचे प्रतिबंधक औषध द्यावे, हा सल्ला आता देवळ्यातील कुत्रापालकांच्याही कानावर येऊ लागला असला, तरी तो मुळात अमेरिकेतील परिस्थितीतून जन्मलेला आहे. १९७४ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन हार्टवर्म सोसायटी’ ही संस्था तेथील प्रत्येक कुत्र्याला वर्षाचे बारा महिने हे औषध द्यावे असे सांगते, आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापासून फ्लोरिडापर्यंतचा दमट, डासांनी भरलेला प्रदेश लक्षात घेतला तर तिचे म्हणणे रास्तच ठरते. मात्र नाशिक जिल्ह्यातील, गिरणेच्या काठच्या देवळा तालुक्यात पाऊस बेताचा, उन्हाळा कोरडा आणि थंडी बोचरी असते, त्यामुळे तेथे हा सल्ला जसाच्या तसा उचलता येईल का, हे तपासून पाहावे लागते. कारण हृदयकृमी होणे न होणे हे डास, तापमान आणि परिसरातील इतर कुत्र्यांच्या रक्तात हा कृमी आधीपासून आहे की नाही, या तीन गोष्टी एकत्र येण्यावर अवलंबून असते.

‘डायरोफायलेरिया इमिटिस’ हे या कृमीचे शास्त्रीय नाव. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, शेवयांसारखी बारीक आणि पांढुरकी असते, आणि ती कुत्र्याच्या हृदयाकडून फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांत राहते. संख्या वाढली की हे कृमी हृदयाच्या उजव्या कप्प्यातही शिरतात. मादी अंडी घालत नाही, तर डोळ्यांना न दिसणारी जिवंत पिल्ले थेट रक्तात सोडते आणि त्यांना सूक्ष्मकृमी असे म्हणतात. डास कुत्र्याला चावला की हे सूक्ष्मकृमी रक्ताबरोबर त्याच्या पोटात जातात, तेथे दोन वेळा कात टाकून संसर्गक्षम अळी बनतात आणि पुढच्या चाव्याच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याच्या कातडीवर उतरून चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. त्यानंतर ही अळी काही आठवडे कातडीखालील ऊतींत वाढते, दोन-तीन महिन्यांनी रक्तप्रवाहात उतरते आणि चावा बसल्यापासून साधारण सहा ते सात महिन्यांनी तिची प्रौढ मादी स्वतःची पिल्ले सोडू लागते. प्रौढ कृमी कुत्र्याच्या शरीरात पाच ते सात वर्षे जगतो. डासाच्या मध्यस्थीशिवाय हे चक्र पूर्ण होत नाही, म्हणून आजारी कुत्र्याशेजारी बांधल्याने किंवा एकाच ताटलीत खाल्ल्याने निरोगी कुत्र्याला हा आजार होत नाही.

देवळ्यापुरता विचार करताना या चक्रातील डासाच्या पोटातला टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. अळीची वाढ तापमानावर अवलंबून असते. १४ अंश सेल्सियसच्या खाली ती थांबते आणि त्यावर प्रत्येक दिवसाचे सरासरी तापमान जितके अंश अधिक असेल तितके गुण त्या दिवसाचे धरून बेरीज १३० झाली की अळी तयार होते, असे गणित परजीवीशास्त्रात मांडले जाते. पावसाळ्यात दिवस-रात्रीची सरासरी २७ अंश असेल, तर रोजचे १३ गुण होऊन दहा दिवसांत अळी तयार होते. पौषात मात्र निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात, त्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील सरासरी २० अंशांच्या आसपास येते, म्हणजे रोजचे सहाच गुण पडतात आणि याच कामाला जवळपास बावीस दिवस लागतात. डासाची मादी सामान्यतः दोन ते चार आठवडे जगते, त्यामुळे थंडीत बहुतेक डास अळी तयार होण्याआधीच मरून जातात. एप्रिल-मे महिन्यांत उष्णता भरपूर असली तरी कोरड्या हवेत डासांचे आयुष्य घटते. याचा अर्थ असा की देवळ्यात संसर्गाचा खरा हंगाम जून-जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचा मानता येतो आणि उरलेल्या महिन्यांत धोका शून्य नसला तरी बराच कमी होतो.

याला एक अपवाद आहे आणि तो माणसाने निर्माण केलेला आहे. चणकापूर धरणाच्या कालव्याचे आवर्तन, डाळिंबाच्या आणि कांद्याच्या शेतांना पाणी पुरवणारी शेततळी, उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईमुळे घराघरांत भरून ठेवलेले ड्रम आणि टाक्या, गावांतील उघडी गटारे यांमुळे पाऊस नसतानाही डासांना जागा मिळते. गटारातील पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, घरातील साठवणीच्या पाण्यात वाढणारा एडिस दिवसा चावतो, आणि हृदयकृमी वाहून नेण्याची क्षमता दोघांतही आहे. आरोग्य विभाग डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो किंवा हौदांत गप्पी मासे सोडतो, त्याचा लाभ अशा रीतीने कुत्र्यांनाही होतो, जरी त्या मोहिमेच्या पत्रकात कुत्र्याचा उल्लेख कधी नसतो.

भारतात हा कृमी सर्वत्र सारखा पसरलेला नाही. आसाम, मिझोराम यांसारख्या ईशान्येकडील दमट राज्यांत तो कुत्र्यांमध्ये नियमितपणे आढळतो. याउलट दक्षिणेत आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचा भाऊबंद ‘डायरोफायलेरिया रेपेन्स’ अधिक दिसतो, जो हृदयात न जाता कातडीखाली राहतो. दिल्ली, मुंबई, सिक्कीम आणि लडाख या चार ठिकाणच्या पाचशेहून अधिक कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धाग्यासारख्या कृमींच्या तीन जाती सापडल्या आणि त्यांत हृदयकृमीचे प्रमाण सर्वांत कमी होते. सर्वाधिक आढळलेली ‘अकँथोकायलोनेमा रेकॉन्डिटम’ ही जात डासांतून नव्हे तर पिसवांसारख्या अंगावरच्या कीटकांतून पसरते आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. ही बाब निर्णयाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण या सर्व जातींचे सूक्ष्मकृमी रक्ताच्या थेंबात वळवळताना पाहिले की नवख्या नजरेला सारखेच वाटतात. दवाखान्यातील सूक्ष्मदर्शकाखाली असा एखादा धागा दिसला म्हणजे हृदयकृमीच झाला, असे समजण्याची घाई केली तर निरुपद्रवी पाहुण्यासाठी कुत्र्याला महिनोन्‌महिने जड औषधे पोटात घ्यावी लागतात.

याच ठिकाणी लोकांच्या मनातील एका भीतीचेही निरसन करायला हवे. महाराष्ट्रात विदर्भासह अनेक जिल्ह्यांत हत्तीरोग आढळतो, तोही डासांतून पसरणाऱ्या धाग्यासारख्या कृमीमुळेच होतो आणि त्याच्या सर्वेक्षणासाठी आरोग्य कर्मचारी रात्री रक्तनमुने घेत फिरतात. त्यामुळे कुत्र्याच्या रक्तात कृमी निघाला की घरातल्यांना हत्तीरोग होईल अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्रातील हत्तीरोगाचा कृमी, ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’, हा माणसातच वाढणारा वेगळा जीव आहे आणि तो कुत्र्यात राहत नाही. कुत्र्याकडून माणसाकडे डासामार्फत क्वचित येतो तो कातडीखालचा रेपेन्स, आणि त्याने पापणीखाली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या आवरणाखाली ठाण मांडल्याचे रुग्ण भारतात, महाराष्ट्रातही, नोंदले गेले आहेत. नेत्रतज्ज्ञ तो चिमट्याने काढून टाकतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तेथेच संपते.

प्रतिबंधक औषध म्हटले की ते पुढच्या महिन्याभरासाठी ढाल उभी करते, असा समज होतो. प्रत्यक्षात मासिक गोळी मागे वळून काम करते. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन ही एकाच कुळातील औषधे गेल्या महिन्याभरात कातडीखाली शिरलेल्या कोवळ्या अळ्यांना मारतात; अळी दोन महिन्यांची होत आली की तिच्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही आणि प्रौढ कृमीवर तर एका गोळीचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला एक गोळी द्यायची आणि दिवाळीला आठवण झाली की दुसरी, या पद्धतीने खर्च होतो पण संरक्षण मिळत नाही, आणि डासांचा हंगाम संपल्यानंतरही किमान एक मात्रा देणे का आवश्यक असते तेही यावरून कळते. हे औषध द्यायचे ठरले तर महिन्याची तारीख पाळण्याची शिस्त घरात आहे का, हा प्रश्न औषधाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

या औषधकुळाचा उगमही सांगण्यासारखा आहे. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी इटो शहरातील कावाना येथील गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजंतू वेगळा केला, अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्यातील कृमिनाशक गुण ओळखला आणि त्यापासून आयव्हरमेक्टिन तयार झाले. या कामासाठी दोघांना २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांसाठीची मासिक आयव्हरमेक्टिन गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये आली. त्याआधी तेथे हृदयकृमी टाळण्यासाठी डायइथिलकार्बामॅझिन ही गोळी रोज द्यावी लागे, आणि ती शोधणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. हीच ‘डीईसी’ गोळी आजही हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी खायला घातली जाते.

देवळ्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात या विषयाची सर्वांत नाजूक बाजू आयव्हरमेक्टिनशी जोडलेली आहे. शेळ्या-मेंढ्या आणि गाई-म्हशींच्या जंतांसाठी व खरजेसाठी मिळणारी एक टक्का आयव्हरमेक्टिनची बाटली अनेक गोठ्यांत असते, मेंढपाळांच्या वाड्यांवरही ती ओळखीची असते, आणि तेच औषध कुत्र्याला टोचले की जंत, गोचीड, हृदयकृमी सगळ्यांचा बंदोबस्त झाला, असा ग्रह आढळतो. हिशेब मांडला की त्यातील धोका स्पष्ट होतो. हृदयकृमी टाळण्यासाठी कुत्र्याला दर किलो वजनामागे आयव्हरमेक्टिनचे सहा मायक्रोग्रॅम पुरतात; मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. वीस किलोच्या कुत्र्याला अशा रीतीने १२० मायक्रोग्रॅम लागतात. जनावरांच्या त्या बाटलीतील एका मिलिलिटरमध्ये दहा हजार मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे लागणारी मात्रा ०.०१२ मिलिलिटर इतकीच भरते, जी इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरही जेमतेम एखाद्या रेघेएवढी दिसेल. अंदाजाने एक मिलिलिटर टोचले, तर त्या कुत्र्याच्या अंगात गरजेच्या ऐंशीपटींहून अधिक औषध जाते. खरजेसाठी पशुवैद्यक यातील मोठ्या मात्रा वापरतात हे खरे असले, तरी ते वजन करून, टप्प्याटप्प्याने आणि कुत्र्याकडे लक्ष ठेवून वापरतात. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या जातींत आणि त्यांच्या संकरात एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते, आणि अशा कुत्र्याला मोठी मात्रा मिळाली की तो झोकांड्या खाऊ लागतो, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, कधी दृष्टी जाते आणि शेवटी तो बेशुद्ध पडतो. या विषबाधेवर हमखास उतारा नाही. शास्त्रोक्त मासिक मात्रा मात्र याही जातींना सोसते, कारण ती फारच अल्प असते.

औषध सुरू करण्याआधी तपासणी करण्याचा आग्रह धरला जातो त्याचे कारणही याच अंगाने समजून घेता येते. ज्या कुत्र्याच्या रक्तात आधीच हजारो सूक्ष्मकृमी आहेत त्याला प्रतिबंधक औषध दिल्यास ते एकदम मरतात आणि त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे कुत्र्याला धक्का बसून तो कोसळू शकतो. डीईसीच्या बाबतीत ही भीती सर्वाधिक आणि मिल्बेमायसिनच्या बाबतीतही ती लक्षात घेण्याजोगी असते. सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्यासाठी म्हणून दोन तपासण्या जोडीने केल्या जातात. पहिलीत रक्तातील सूक्ष्मकृमी सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात, आणि ते संध्याकाळनंतर रक्तात अधिक येत असल्यामुळे नमुना उशिरा घेतलेला बरा. दुसरी अँटिजेन तपासणी करोनाच्या काळात घरोघर परिचित झालेल्या पट्टीसारखीच असते. तिच्यात प्रौढ मादीने सोडलेले प्रथिन ओळखले जाते, त्यामुळे कातडीखालच्या रेपेन्समुळे होणारा घोटाळा बहुतांशी टळतो. पण संसर्ग होऊन सहा-सात महिने लोटेपर्यंत ही पट्टी काहीच दाखवत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाला, त्याच्यात प्रौढ कृमी असणेच शक्य नसल्यामुळे, तपासणीशिवाय औषध सुरू करता येते.

औषधाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा उपचाराचा आहे. प्रौढ कृमी मारण्यासाठी मेलार्सोमाइन हे आर्सेनिकवर्गीय इंजेक्शन कमरेच्या स्नायूंत तीन वेळा खोलवर द्यावे लागते. त्याआधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन देतात आणि पुढे कित्येक आठवडे कुत्र्याला पळू-उड्या मारू न देता बांधून ठेवावे लागते, कारण मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसाच्या धमन्यांत अडकतात. हे इंजेक्शन भारतात सहजी मिळत नाही, मग मॉक्सिडेक्टिन आणि डॉक्सिसायक्लिन यांच्या आधारे कृमी हळूहळू संपण्याची वाट पाहावी लागते आणि तोवर धमन्यांची हानी चालूच राहते. खोकला, थोड्या धावण्याने धाप, उतरत गेलेले वजन आणि शेवटी पाण्याने सुटलेले पोट ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा आजार जुना झालेला असतो. एवढा मोठा आजार एका गोळीने टळत असेल तर ती द्यायला हरकत कसली, हा युक्तिवाद त्यामुळे सहज पटतो.

हरकत औषधाला नाही, क्रमाला आहे. देवळ्यातील कुत्र्यांपैकी बहुसंख्य मळ्यावर, कांद्याच्या चाळीजवळ किंवा ओसरीवर रात्रभर राखण करणारी असतात. बिबट्याने कुत्रे उचलून नेल्याच्या बातम्या ज्या भागातून येतात तेथे त्यांच्या आयुष्याचे हिशेब शहरातल्या फ्लॅटपेक्षा निराळे असतात. या कुत्र्यांना पहिली गरज रेबीजच्या लसीची आहे, जी तिसऱ्या महिन्यापासून देऊन पुढे नियमाने दिली पाहिजे, कारण तिच्या अभावी कुत्राच नव्हे तर घरातील मूलही जाते. त्यानंतर पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस येते, जिच्याअभावी पिल्ले वर्षाच्या आत दगावतात. तिसरा क्रम गोचिडांचा आहे. तांबूस गोचीड ‘एर्लिकिया’ आणि ‘बॅबेसिया’ हे रक्तातील जंतू पसरवतो; पहिल्यात ताप येतो, रक्तबिंबिका घटतात आणि नाकातून रक्त वाहू शकते, दुसऱ्यात हिरड्या पांढऱ्याफटक पडून लघवी काळसर लाल होते. काळसर लघवी हे हृदयकृमीच्या अखेरच्या अवस्थेचेही लक्षण असते, परंतु गोठ्याशेजारी राहणाऱ्या आणि कानांत गोचिडांचे घोस असलेल्या कुत्र्यात ते दिसल्यास पशुवैद्यक आधी बॅबेसिया शोधतो आणि ते योग्यच आहे. या तीन गोष्टी न करता हृदयकृमीच्या गोळीवर पैसे घालणे हा देवळ्यापुरता तरी उलटा क्रम आहे.

गोचिडांवरील नव्या चघळायच्या गोळ्यांमुळे आणखी एक गोंधळ होतो. अफोक्सोलानर किंवा फ्लुरालानर ही औषधे एकटी दिल्यास गोचीड आणि पिसवा मरतात, हृदयकृमीच्या अळीवर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. काही गोळ्यांत अशा औषधाला मिल्बेमायसिनची जोड असते आणि त्या गोचीड, पोटातील जंत व हृदयकृमी अशा तिन्हींवर चालतात. ज्या घरात गोचिडांसाठी दरमहा गोळी द्यायचीच आहे तेथे असे संयुक्त औषध निवडल्यास हृदयकृमीचा प्रश्न थोड्याशा जादा खर्चात सुटतो, शिवाय अंगणात खेळणाऱ्या मुलांना कुत्र्याच्या विष्ठेतून होणारा जंतांचा उपसर्गही कमी होतो. देवळ्यात हृदयकृमीचे औषध देण्याला सर्वांत पटणारे कारण कदाचित हेच आहे, आणि त्यात हृदयकृमी स्वतः दुय्यम आहे.

काही कुत्र्यांच्या बाबतीत मात्र क्रम बदलतो. सैन्यातून किंवा निमलष्करी दलातून ईशान्येकडे नेमणूक असलेल्या जवानाने परतताना आणलेला कुत्रा, मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणच्या दमट पट्ट्यातून बदलीबरोबर आलेला कुत्रा आणि शहरातील विक्रेत्याकडून घेतलेला, पण आधी कुठे वाढला हे न कळणारा मोठा कुत्रा या सर्वांची तपासणी देवळ्यात आल्याबरोबर करावी आणि ती निर्दोष आली तरी सहा महिन्यांनी पुन्हा करावी, कारण वाटेत असलेली कोवळी अळी पहिल्या तपासणीत सापडत नाही. मधल्या काळात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मासिक औषध चालू ठेवल्यास नवा संसर्ग रोखला जातो. दुसऱ्या तपासणीत कृमी आढळला, तर तो संसर्ग बहुधा जुन्या गावचाच आहे हेही त्यामुळे ओळखता येते, आणि त्या कुत्र्याच्या रक्तातून कृमी उचलून गटारातला क्युलेक्स तो शेजारच्या मळ्यावर नेण्याआधी उपचार सुरू करता येतात.